वाचलेला वेळ कुठून आला?

अगं, काल रात्री तू शहाडच्या फलाटावरून फोन केलास तेव्हा मी जरा तुटकच बोलले. तुला लागलं असेल. तू धापा टाकत सांगत होतीस, "ताई, सत्तर जीबीची फाइल तयार व्हायला बारा मिनिटं लागायची, मी ते एका सेकंदाच्या आत आणलं! सगळ्या टेस्ट हिरव्या!" आणि मी नुसतं "बरं" म्हणाले. मागून आसनगाव गाडीची घोषणा झाली आणि तू फोन ठेवलास. मला मात्र रात्री झोप लागेना. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मीही एकदा बोलले होते. त्याचं पुढे काय झालं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आज तुला सांगते. चहा घे आणि निवांत बस.

माझी पहिली नोकरी नवी मुंबईत होती, एवढं तुला माहीत आहे. दुकानांत, सोसायट्यांत बसवतात ते कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर आम्ही बनवायचो. रेकॉर्डर पहिल्यांदा सुरू झाला की तो डिस्कवर मोठमोठ्या फाइली आधीच तयार करून ठेवायचा. पुढे चित्रण याच फाइलींमध्ये जायचं, म्हणजे ऐन वेळी "डिस्कवर जागा नाही" ही भानगड नको. तयार करायच्या म्हणजे काय, तर सुरुवातीपासून शेवटापर्यंत शून्यं लिहायची. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे सत्तर जीबीला बारा मिनिटं आलीच. बसवायला गेलेला मुलगा दुकानात स्टुलावर बसून राहायचा आणि दुकानदार त्याच्याकडे बघत राहायचा. तक्रारी आल्या आणि काम माझ्याकडे आलं, कारण मी नवीन होते आणि नवीन माणसाला "जरा हे बघ ना" असं म्हणून काहीही देता येतं.

मी शोधाशोध केली आणि ट्रंकेट सापडलं. फाइलीची लांबी सांगायची, बस्स. सत्तर जीबी म्हटलं की सत्तर जीबी, डोळ्याचं पातं लवायच्या आत. टेस्ट लिहिली: फाइल आहे का? आहे. आकार बरोबर आहे का? आहे. हिरवं. त्या दिवशी लीडने सगळ्यांना वडापाव आणले होते, आणि मी घरी येताना कल्याणला उतरून आईसाठी मोगरा घेतला होता. इतकी खूश होते मी.

साधारण तीन महिन्यांनी एका दुकानदाराला एका रात्रीचं चित्रण हवं होतं. ते नव्हतंच. त्या डिस्कवर दुसरे लॉग साठत साठत गेले होते आणि जागा संपली होती. आमची फाइल सत्तर जीबीची दिसत होती, पण तिच्या बऱ्याच भागाखाली डिस्कवर जागाच नव्हती. त्यात आमचा प्रोग्रॅम फाइल मेमरीत मॅप करून लिहायचा. अशा वेळी जागा संपली तर "लिहिता आलं नाही" असं सभ्यपणे कळत नाही, थेट सिगबस सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम मरतो. पुढच्या पॅनेलवरचा हिरवा दिवा मात्र चालूच होता, कारण तो दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या ताब्यात होता.

हे कशामुळे झालं ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. आणि मी दोन दिवस गप्प बसले. हीच ती गोष्ट जी मी कुणाला सांगितली नव्हती. चूक नव्हे गं, चुका सगळेच करतात. ते दोन दिवस. सगळी टीम नेटवर्कचा दोष शोधत होती आणि मी त्यांच्याबरोबर मान हलवत बसले होते. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून आमच्या एका जुन्या सरांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बारा मिनिटं वाचली होती ना तुझी? ती कुठून आली, हे तेव्हा विचारलं होतंस का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही. काहीही एकदम झटपट झालं की मी आधी तोच विचारते. आधी होत असलेलं कोणतं काम आता होत नाहीये? आणि ते काम फुकट होतं, की त्याच्यावरच सगळं उभं होतं?

आपण शहाडची माणसं, आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. सकाळची मुंबईकडे जाणारी कसारा किंवा आसनगाव लोकल आपल्याकडे येते तीच गच्च भरून. मग आपल्या इथल्या बायका काय करतात? डाउन करतात. उलट्या गाडीने आंबिवली, टिटवाळा अशी दोन स्टेशनं मागे जातात, टिटवाळ्याहून सुटणाऱ्या रिकाम्या लोकलमध्ये खिडकी पकडतात आणि त्याच शहाडवरून बसून पुढे जातात. पास टिटवाळ्यापर्यंतचा काढायचा, वर सकाळची वीस-पंचवीस मिनिटं घालवायची. तुझ्या कामाच्या भाषेत याला प्रीअलोकेशन म्हणतात. जागा लागेल तेव्हा शोधायची नाही, आधी जाऊन घ्यायची.

दुसरा प्रकारही तू रोज बघतेस. लेडीज डब्यात शिरल्या शिरल्या विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणते "ठाणा". आपण म्हणायचं, "मग ही सीट माझी." झालं, सीट मिळाली. मिळाली का? शब्द मिळाला. तिने डुलकी काढली आणि मुलुंड आलं तरी उठली नाही, तर तुझ्या हातात काय आहे? आणि तिसरा प्रकार म्हणजे माझं ट्रंकेट. फलाटावर उभं राहून जाहीर करायचं की आमच्यासाठी चार सीट आहेत. कुणी नाही म्हणत नाही, कारण कुणी ऐकलेलंच नाही.

फाइलीच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि आपण त्या एकच समजतो. एक लांबी, दुसरी डिस्कवरची जागा, तिसरा मजकूर. ट्रंकेट फक्त लांबी देतं. मधला भाग म्हणजे नुसतं भोक, वाचलं तर शून्यं दिसतात, पण खाली काही नाही. शून्यं लिहिण्याने तिन्ही गोष्टी मिळतात, पण वेळ खर्चून. आणि तुला हवी असलेली वाट मधली आहे: लांबी आणि जागा आत्ता घ्यायची, मजकूर सवडीने. लिनक्समध्ये त्यासाठी एफ-ॲलोकेट आहे.

आता इथे तू मला विचारशील, आणि विचारायलाच हवंस, की शून्यं न लिहिता नुसती जागा दिली तर तिथे आधी पडलेला कचरा वाचता येणार नाही का? शाबास. चाळीत खोली भाड्याने घेतली आणि आधीच्या भाडेकरूची पत्रं, बँकेची पासबुकं कपाटात तशीच सापडली, तसं होईल की. डिस्कवरचे जुने ब्लॉक म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी पुसलेला पण न धुतलेला मजकूर. यावर उपाय मोठा सुंदर केलाय. ईएक्सटी-४ मध्ये फाइलीचा सलग तुकडा म्हणजे एक एक्स्टेंट. त्याची नोंद फक्त 12 बाइटची. त्यातले 16 बिट लांबी सांगतात, आणि त्यातला सगळ्यात वरचा बिट एका वेगळ्याच कामाला ठेवलाय: हा तुकडा घेतलाय, पण यात अजून कुणी लिहिलेलं नाही. अशा तुकड्यातून वाचायला गेलं की फाइल सिस्टिम डिस्ककडे जातच नाही, सरळ शून्यं देते. खोलीला कुलूप, दारावर पाटी "रिकामी", आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. पहिल्यांदा लिहिलं की तेवढ्या भागाची पाटी काढायची.

म्हणून एक एक्स्टेंट जास्तीत जास्त 32,768 ब्लॉकचा असतो. चार केबीचा ब्लॉक धरला तर 128 एमबी. न लिहिलेला असेल तर त्याहून एक ब्लॉक कमी. म्हणजे सत्तर जीबीची जागा सलग मिळाली तर सहाशेच्या आत नोंदी लिहिल्या की काम झालं. बारा मिनिटं कुठे गेली ते कळलं ना? इथे शून्यं लिहिण्याचं काम खरोखरच अनावश्यक ठरलं, कारण त्याची जबाबदारी त्या एका बिटाने घेतली. माझ्या ट्रंकेटमध्येही बारा मिनिटं वाचली होती, पण तिथे जबाबदारी कुणीच घेतलेली नव्हती. घड्याळात दोन्ही सारखेच दिसतात गं. म्हणून घड्याळावर विश्वास ठेवू नकोस.

ही पाटीसुद्धा नको, अजून वेग हवा, असं म्हणणारेही होतेच. 2012 साली लिनक्सच्या लोकांमध्ये यावर चांगलीच जुंपली होती: जुना मजकूर लपवायची भानगड न करता सरळ ब्लॉक द्या. स्वतःच्याच मशिनवर स्वतःचाच प्रोग्रॅम चालवणाऱ्या बड्या कंपन्यांना ते परवडतं. पण ती सोय सगळ्यांसाठीच्या कर्नलमध्ये घेतली नाही. तशी मागणी करणाऱ्या खुणेसाठी एक आकडा राखून ठेवलाय, एवढंच. बघ, रिकामी राखीव जागा तिथेही आहे.

आणि पाटी काढायचाही खर्च असतो, तो विसरू नकोस. न लिहिलेल्या तुकड्यात पहिल्यांदा लिहून एफ-सिंक केलं, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर पोचवायला सांगितलं, की "आता लिहिलंय" ही नोंदही जर्नलमध्ये जावी लागते. डेटाबेसच्या लॉगसारखं काम असेल, जिथे क्षणोक्षणी एफ-सिंक होतो, तिथे हा खर्च प्रत्येक वेळी बोचतो. म्हणून पोस्टग्रेस आपल्या लॉगच्या 16 एमबीच्या फाइली नेहमीच्या मांडणीत आधी शून्यांनी भरून घेतं आणि जुन्या फाइली फेकून न देता नवं नाव देऊन पुन्हा वापरतं. म्हणजे शून्यं लिहिणं मागासलेलं आणि एफ-ॲलोकेट पुढारलेलं, असं काही नाही. खर्च आधी द्यायचा की नंतर, हे काम बघून ठरवायचं. तुझ्या बॉसला आकडा सांगताना फाइल तयार करायचा वेळ एकटा सांगू नकोस. पहिल्यांदा पूर्ण भरेपर्यंतचा वेळ, एफ-सिंकसकट, शेजारी ठेव. त्यातही तू जिंकलीस, तर खरी जिंकलीस.

एक गंमत सांगते, म्हणजे तू मीटिंगमध्ये अंग चोरून बसणार नाहीस. एफ-ॲलोकेट ही सिस्टिम कॉल लिनक्समध्ये आली 2.6.23 या आवृत्तीत, ऑक्टोबर 2007 मध्ये. ती लिहिली आयबीएमच्या भारतातल्या टीममधल्या अमित अरोरा यांनी. आत्ता आपण एका ओळीत वापरतो, पण तेव्हा तिच्या चार आर्ग्युमेंटांचा क्रम काय असावा यावर कितीतरी चर्चा झाली. दोन आकडे 64 बिटांचे, आणि आयबीएमच्या एस-390 सारख्या काही मशिनांवर ते कॉलच्या रजिस्टरांत नीट बसेनात. शेवटी फाइल, मोड, सुरुवात, लांबी असा क्रम ठरला. चार आर्ग्युमेंटांवर महिनोन्महिने! तुझ्या पॅचवर कुणी सतरा शंका काढल्या की तू रडवेली होतेस ना, तेव्हा हे आठव. ज्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षं टिकणार असतात त्यांच्यावर माणसं खल करतातच. तुझा अपमान करायला कुणी बसलेलं नसतं.

त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत ईएक्सटी-४ वर एक निबंध सादर झाला. त्यात या प्रीअलोकेशनचाही भाग आहे. त्यावरची पहिली तीन नावं बघ: अवंतिका माथुर, मिंगमिंग काओ, सुपर्णा भट्टाचार्य. तिन्ही बायका. तू म्हणतेस ना, "आमच्या टीममध्ये मी एकटीच मुलगी, स्टोरेजमध्ये बायका नसतातच"? असतात. पायाच्या दगडांत आहेत. आणि आपलं पुणं काही मागे नाही. व्हेरिटासच्या फाइल सिस्टिमचं काम तिथल्या केंद्रात वर्षानुवर्षं चालत आलंय. त्या फाइल सिस्टिममध्ये फाइलीसाठी जागा राखून ठेवायला सेट-एक्स्ट नावाची वेगळी आज्ञाच आहे, अगदी ही जागा सलगच हवी असंही सांगता येतं. म्हणजे हे प्रश्न कुठल्या तरी लांबच्या देशातले नाहीत. इंद्रायणी एक्स्प्रेस कल्याणला थांबते, तिथून तीन तासांच्या आत पुण्यात आपल्यासारखीच पोळी-भाजीचा डबा घेऊन जाणारी माणसं हेच सोडवत बसलेली असतात.

आता टेस्टचं. माझी टेस्ट हिरवी होती, तुझीही आहे. प्रश्न एवढाच की टेस्टने विचारलं काय होतं. मी फाइलीला तिची उंची विचारली होती, तिने सांगितली. जागा आहे का हे विचारलंच नव्हतं.

आधी एक छोटी डिस्क बनव. शंभर एमबीची फाइल घे, तिच्यावर फाइल सिस्टिम बनव आणि लूप डिव्हाइस म्हणून माउंट कर. ही फाइल बनवायला ट्रंकेट वापरलंस तर चालेल, हसू नकोस. तिथे आपल्याला लांबीच हवी असते. मोठ्या डिस्कवर जागा संपवायला अर्धा दिवस जातो, म्हणून कुणी ती टेस्ट लिहीतच नाही. शंभर एमबी क्षणात भरतात.

मग तिच्यात साठ एमबी राखून घे आणि फाइलीला दोन प्रश्न विचार: लांबी किती, आणि ब्लॉक किती. तो ब्लॉकचा आकडा 512 बाइटच्या मापात येतो, फाइल सिस्टिमचा ब्लॉक चार केबीचा असला तरी. मी या मापातही एकदा फसले आहे. टर्मिनलवर बघायचं तर एलएस लांबी दाखवतं, डीयू जागा दाखवतं. माझ्या त्या फाइलीवर मी एकदा जरी डीयू चालवलं असतं तर मोगरा घ्यायची वेळ आली नसती.

पुढची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. जागा राखून झाली की दुसऱ्या फाइलीने उरलेली डिस्क काठोकाठ भर, "जागा नाही" असं येईपर्यंत. आणि आता त्या राखीव फाइलीत साठच्या साठ एमबी लिही. एकही लिखाण अपयशी होता कामा नये. ट्रंकेटवाली फाइल इथे उघडी पडते. फक्त एक काळजी घे: ईएक्सटी-४ सहसा पाच टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवतं. डिस्क भरणारा साधा युजर आणि फाइलीत लिहिणारा रूट असेल, तर थोडी जागा कमी पडत असली तरी ती त्या पाच टक्क्यांतून भरून निघेल आणि टेस्ट खोटी हिरवी होईल. टेस्ट रूटने चालवायची आपल्याला वाईट सवय असते.

मग नकार माग. शंभर एमबीच्या डिस्कवर दोनशे एमबी मागून बघ, प्रोग्रॅम काय करतो. इथे एक जुना खड्डा आहे. एफ-ॲलोकेटचं भावंड असलेलं पॉझिक्स एफ-ॲलोकेट चुकलं तर उणे एक देत नाही, चुकीचा क्रमांक थेट परत देतं आणि एररनोला हात लावत नाही. बाकी सगळ्या कॉलच्या सवयीने आपण उणे एकशी तुलना करतो आणि अपयश डोळ्यांसमोरून यश म्हणून निघून जातं. शिवाय नकार आला म्हणजे काहीच घेतलं नाही असं समजू नकोस. अर्धवट घेतलेली जागा तशीच अडकून राहू शकते. ती परत करायचं काम तुझ्या कोडचं.

याच पॉझिक्सवाल्या भावंडाची अजून एक खोड. खालची फाइल सिस्टिम एफ-ॲलोकेट जाणत नसेल, तर जी-लिब-सी गुपचूप प्रत्येक ब्लॉकला हात लावून लिहीत बसते. जुन्या एनएफएसवर हे होतं. तुझी बारा मिनिटं परत, आणि तुला पत्ताही नाही. वर त्याच वेळी दुसरा थ्रेड तिथे लिहीत असेल तर त्याच्या मजकुरावर शून्यं फिरू शकतात. त्यामुळे कोणता कॉल वापरलास हे महत्त्वाचं, आणि तो कशावर चालणार आहे हेही तितकंच.

मग कचऱ्याची टेस्ट. डिस्क एखाद्या ओळखीच्या अक्षराने भर, सगळं पुसून टाक, मग जागा राखून घे आणि वाच. ते अक्षर एकदा जरी दिसलं तरी काम थांबव आणि माणसांना बोलाव.

आणि शेवटी वीज. लहानपणी आपल्याकडे लोडशेडिंग होतं, ते तुला फारसं आठवणार नाही. बारावीचा अभ्यास मी मेणबत्तीवर केलाय. वीज जाणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण टेस्टमध्ये आपण नेमके तिथे लबाडी करतो. प्रोग्रॅम किल केला आणि म्हणालो, "क्रॅश टेस्ट झाली." प्रोग्रॅम मेला तरी कर्नल जिवंत असतो, त्याच्या मेमरीत पडून असलेला मजकूर आरामात डिस्कवर जातो. वीज गेल्यावर कर्नलही उरत नाही. त्यासाठी डीएम-फ्लेकी, डीएम-लॉग-राइट्स अशी साधनं आहेत. डिस्ककडे गेलेली लिखाणं नोंदवून ठेवायची, आणि मध्येच कुठेही थांबवून "या क्षणी वीज गेली असती तर?" असं बघायचं.

टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला जयश्री मोहन आणि तिच्या सोबत्यांनी 2018 मध्ये याच वाटेवरचं एक काम केलं, नाव क्रॅशमंकी. फाइलींवरच्या दोन-तीन साध्या क्रियांची छोटी छोटी जुळणी करायची, वीज तोडायची, आणि काय उरलं ते बघायचं. बस्स, इतकंच. त्यातून जगभर वापरात असलेल्या लिनक्स फाइल सिस्टिममध्ये दहा नव्या चुका सापडल्या, आणि त्यातल्या सात 2014 पासून तिथेच होत्या. एक तर आपल्या अगदी विषयातली: बीटीआरएफएसमध्ये फाइलीच्या शेवटापलीकडे राखून ठेवलेली जागा एफ-सिंक करूनही क्रॅशनंतर हरवायची. विचार कर, इतकी हुशार माणसं, इतक्या टेस्ट, आणि तरी. एक्सएफएस-टेस्ट्स नावाचा संच एसजीआयमध्ये एक्सएफएससाठी सुरू झाला, आज ईएक्सटी-४, बीटीआरएफएस सगळे वापरतात, शेकडो टेस्ट आहेत. त्यातला एफएसएक्स हा प्रोग्रॅम नेक्स्ट कंपनीतून आलाय. तो फाइलीवर वाटेल तसे घाव घालत बसतो: लिही, काप, भोक पाड, वाच, आणि प्रत्येक वेळी ताडून बघ. तू तुझ्या टेस्ट लिहायच्या आधी तो चालवून घे. आपल्याला सुचत नाही ते त्याला सुचतं, कारण त्याला आपल्या कोडबद्दल काही प्रेम नाही.

एवढं सगळं करूनही वचन कुठे संपतं ते माहीत असू दे. बीटीआरएफएस, झेडएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम जुन्या ब्लॉकवर लिहीतच नाहीत, दर वेळी नवा ब्लॉक घेतात. तिथे आधी राखलेल्या जागेचा अर्थ पातळ होतो, आणि बीटीआरएफएसवर स्नॅपशॉट घेतलास तर आणखीच. थिन पूलवर, म्हणजे जिथे खरी जागा लागेल तशीच दिली जाते तिथे, तर फाइल सिस्टिम तुला मनापासून हो म्हणते, पण तिच्याखालच्या पूलमध्येच जागा नसते. म्हणजे ठाण्याला उतरणारी बाई खरं बोलत होती, तिला बिचारीला माहीतच नव्हतं की गाडी आज ठाण्याला थांबणार नाही. अशा वेळी कोडमध्ये जादू करायला जाऊ नकोस. कागदावर स्वच्छ लिही: या फाइल सिस्टिमवर आम्ही जागेची हमी देतो, त्या फाइल सिस्टिमवर देत नाही. तुझ्या लीडला ते आवडणार नाही कदाचित. लिहीच.

आता जरा आपलं दोघींचं. तुला वाटत असेल, ताई एवढी का घाबरवते. घाबरवत नाहीये गं. माझ्या हातून जे राहिलं ते तुझ्या हातून राहू नये, इतकंच. चित्रण गेलं त्याचं दुःख एका महिन्यात ओसरलं. आम्ही एफ-ॲलोकेट घातलं, डिस्क भरून बघायची टेस्ट घातली, नवा रेकॉर्डर नीट चालला. पण ते दोन दिवस गप्प बसल्याचं ओझं फार पुढेपर्यंत आलं. पुढे कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मनात यायचं, यांना माहीत नाही. तू चुकलीस तर त्याच संध्याकाळी सांग. "माझ्या बदलामुळे झालं, असं मला वाटतंय, आणि हे माझं कारण." एवढं एक वाक्य. सांगताना पोटात गोळा येतो, घाम फुटतो, आणि मग लोक कामाला लागतात. बहुतेकांना दोषी नको असतो, कारण हवं असतं.

आणि काल मी तुटक बोलले, तीही चूकच. तुझा कोड मी पाहिलेलाच नाही. तू कदाचित खरोखर एफ-ॲलोकेटच वापरलं असशील, आणि तुझी बारा मिनिटं त्या एका बिटाने वाचवली असतील. तसं असेल तर मोगरा माझ्याकडून.

उद्या सकाळी डाउन करून टिटवाळ्याला बसलीस की लगेच फोन करू नकोस, तेव्हा खिडकीची भांडणं चालू असतात. गाडी शहाड सोडून कल्याणला लागली, आणि खाली सीट पक्की आहे असं वाटलं, की कर. मला फक्त तुझ्या कोडमधली जागा घेणारी ती एक ओळ वाचून दाखव.